चाराला थांबण्याचे कारण

नाना,

पत्राच्या माथ्यावर काय लिहावे या विचारात माझी सकाळ गेली आणि शेवटी नुसती हाक पुरे असे ठरवले. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षे झाली. ज्या घरातून तुम्ही गेलात ते घर आता नाही. तुम्ही ज्या शाळेत संस्कृत शिकवत होतात तिची इमारत कुणीतरी गुलाबी रंगवली आहे. स्टँडवरच्या पाटीवर गावाचे नाव अहिल्यानगर झाले आहे. पाथर्डीच्या गाडीचा वाहक मात्र अजून 'नगर, नगर' असेच ओरडतो. मी अडुसष्ट वर्षांची आहे. माझी मान उजवीकडे पुरती वळत नाही, कारण बेचाळीस वर्षे ती डावीकडे झुकवून मी माणसांच्या तोंडात पाहत आले. या पत्राला पोहोचायला ठिकाण नाही हे मला कळते. तरी लिहिते आहे, कारण तुमच्या एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे माझ्याकडून राहिले आहे आणि अलीकडे एका यंत्राने तोच प्रश्न मला पुन्हा विचारला.

आधी माझ्या कामाविषयी थोडे सांगते. व्याख्या दिल्याशिवाय पुढे गेलेले तुम्हाला चालत नसे. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक फट असते. निरोगी तोंडात ती दोन-तीन मिलिमीटर खोल असते. हिरडीचा आजार वाढतो, आतले हाड झिजते, तशी ती खोल होत जाते. ती मोजायला आम्ही प्रोब वापरतो: बोथट टोकाची, काळ्या खुणांची बारीक सळई. ती फटीत अलगद उतरवायची, तळ लागला की थांबायचे आणि हिरडीच्या काठाशी कोणती खूण आली ते वाचायचे. एका दाताला अशा सहा जागा. मोजणारा आकडे मोठ्याने सांगतो, दुसरा कुणी लिहून घेतो. सगळी अडचण त्या 'तळ लागला' या दोन शब्दांत आहे. तळ दिसत नाही, तो बोटांना जाणवतो. प्रोब नखाखाली टेकवला तर नख जेमतेम पांढरे व्हावे, इतकाच भार द्यायचा असे आम्हाला शिकवले होते. हा भार तोलणारा काटा म्हणजे आपलेच बोट, आणि बोट नेहमी कुणाचे तरी असते.

गेल्या वर्षी माझ्या दवाखान्यात एकेकाळी उमेदवारी केलेली एक बाई, आता स्वतः पन्नाशीची आणि एका दंत महाविद्यालयात प्राध्यापक, एक यंत्र घेऊन आली. पोटाची सोनोग्राफी करतात त्याच जातीचे, फक्त त्याचे टोक करंगळीच्या पेराएवढे. पाण्याची बारीक धार सोडत ते हिरडीच्या काठाशी धरायचे. ध्वनी आत जातो, परततो आणि पडद्यावर करड्या रेषा उमटतात; त्या रेषांवरून फटीची खोली काढायची. टोचणे नाही, रक्त नाही, रुग्णाने खुर्चीचा हात घट्ट धरणे नाही. हे यंत्र माणसाच्या हाताइतके नीट मोजते का, हे तिला तपासायचे होते आणि त्यासाठी तुलनेला एक भरवशाचा हात हवा होता. ती म्हणाली, "तुमचाच हात प्रमाण धरायचा, मॅडम." प्रमाण हा तुमचा, न्यायशास्त्रातला शब्द. तो ऐकून मला माझ्या वयाला शोभणार नाही इतके बरे वाटले.

पहिले काही दिवस मी मनातल्या मनात तुमच्याशी वाद घालत असे. हाताने मोजणे हे प्रत्यक्ष, आणि ध्वनी परतल्यावरून खोली सांगणे हे अनुमान. बाहेरच्या पावलांवरून दाराशी कोण आले ते ओळखावे तसे. म्हणजे हात श्रेष्ठ. मग एके दुपारी, खुर्ची रिकामी असताना, मी तो प्रोब माझ्याच अंगठ्यावर टेकवून पाहिला आणि माझ्या युक्तिवादातली भेग दिसली. बोटाला जाणवते ते फक्त सळईचे अडणे. 'हा तळ आहे' हा त्या अडण्यावरून मनाने काढलेला निष्कर्ष असतो. म्हणजे माझ्याकडेही अनुमानच होते. ते इतक्या वर्षांच्या सवयीने इतके झटपट होत होते की मी त्याला प्रत्यक्ष समजत राहिले.

मोजायला आलेल्यांपैकी निम्मे माझे जुने रुग्ण होते, निम्मे महाविद्यालयाकडून आलेले अनोळखी. प्रत्येकाला आधी मी हाताने मोजायचे. नंतर माझे आकडे न पाहता तिने यंत्राने. माझ्या जुन्या रुग्णांत पाथर्डीकडची एक बाई होती. ऊसतोडीला जाणारी. वीस वर्षे ती दरसाल पाडव्याच्या सुमारास, टोळी गावी परतली की, एसटीने माझ्याकडे येते. दातांना मिश्री लावायची तिची जुनी सवय. तंबाखूने हिरडीतून रक्त येणे कमी होते, म्हणून अशा तोंडात आजार मुकाट्याने वाढतो. मी तिच्याशी त्या मिश्रीवरून इतकी वर्षे भांडले की तिने ती दिवसातून चार वेळांवरून एकदावर आणली, आणि दरवर्षी आल्या आल्या हे ती मला सगळ्यांत आधी सांगत असे. यंत्राची नळी पाहून तिने विचारले हे काय, आणि प्राध्यापक बाईने दाताची सोनोग्राफी असे सांगताच ती म्हणाली, "म्हंजी माजी दाढ पोटुशी हाय व्हय?" मग जरा थांबून, "पोरगा का पोरगी ते मातर सांगू नगा, कायदा हाय." यंत्र धरलेला हात हसण्याने हलला आणि ती नोंद पुन्हा घ्यावी लागली.

यंत्रात दोष नाहीत असे मी म्हणत नाही. पाणी रुग्णाच्या गळ्यापर्यंत ओघळते. जाड हिरडीत रेषा पुसट होतात, मागच्या दाढांपाशी टोक नीट पोहोचत नाही, आणि पडद्यावरची कोणती रेषा तळाची, हे अखेर माणसालाच ठरवावे लागते. अनोळखी रुग्णांत माझे आणि यंत्राचे आकडे कधी इकडे, कधी तिकडे, एखाद्या मिलिमीटरने सरकत. हे अपेक्षित होते. पण सगळे संपल्यावर प्राध्यापक बाई कागद घेऊन आली, ते माझ्या टेबलावर दोन ढिगांत मांडले आणि बराच वेळ चष्मा पुसत बसली. माझ्या जुन्या रुग्णांत माझा आकडा यंत्रापेक्षा कमी होता. जिथे आजार जास्त, तिथे फरक जास्त. इकडे-तिकडे नव्हे, नेहमी कमी. शंका येऊन तिने त्यांतल्या काही जणांना स्वतःच्या हाताने, प्रोबनेच, पुन्हा मोजले होते. तिचा हात यंत्राच्या बाजूने गेला. पाथर्डीच्या बाईची खालची डावी दाढ: मी चार, यंत्र सात, प्राध्यापक बाई सात.

ती म्हणाली की यंत्राचेच काही चुकत असेल. मी म्हटले, यंत्राचे चुकत असते तर अनोळखी तोंडांतही चुकले असते, आणि तुझा हात माझ्याशी जुळला असता. अन्वय आणि व्यतिरेक तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलेत, डाळीच्या आमटीवरून: जिथे जिथे हिंग तिथे तो वास, जिथे हिंग नाही तिथे नाही. जिथे माझी ओळख, तिथे आकडा कमी. जिथे ओळख नाही, तिथे नाही. तिने कागद गोळा केले. जाताना तिने एक उपाय सुचवला. "तुमचे जुने पेशंट आपण तुलनेतून वगळू या. मग तुमच्या नावाचा फॉर्म तसाच राहील." तो फॉर्म म्हणजे एक साधे निवेदन होते: या तुलनेत माझी मोजमापे प्रमाण मानावीत, ती नियमांनुसार घेतली आहेत. खाली सहीची जागा.

आठ दिवस तो कागद माझ्या खणात होता. त्या आठ दिवसांत मी त्या वगळण्यासाठी एक युक्तिवाद रचला. मोजणाऱ्याला रुग्णाचे जुने आकडे माहीत नसावेत हा नियम आहे. माझ्या जुन्या रुग्णांबाबत तो मुळातच पाळता येत नव्हता. म्हणून त्या नोंदी सदोष. म्हणून त्या काढणे हेच शास्त्रीय. यात मला एकही छिद्र सापडेना. तुम्ही म्हणत असा, "बिनचूक युक्तिवाद फार लवकर सुचला, की तो कुणाच्या सोयीचा आहे ते आधी बघ." तो माझ्या सोयीचा होता. शिवाय त्यातून त्या दाढेचे काहीच होत नव्हते. नोंद कागदावरून काढता आली असती. सात मिलिमीटर त्या बाईच्या तोंडातच राहिले असते.

आता स्वयंपाकघर. मी तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजातून सुट्टीला आले आहे, आणि मला सरावाला तोंड हवे आहे. रविवारची सकाळ. मोरीवरच्या खिडकीतून ऊन येते, म्हणून तुम्ही तिथे स्टुलावर बसला आहात, डोके भिंतीला टेकवून. आईने शाळेच्या जुन्या वहीची मागची कोरी पाने काढली आहेत. ती पेन्सिल घेऊन चुलीपाशी बसली आहे आणि मध्येच दूध पाहते आहे. मी आकडे सांगते, ती लिहिते. तीन, दोन, तीन. दोन, दोन, तीन. तुम्ही डोळे मिटले आहेत. दर दातानंतर तुम्ही बोटाने इशारा करता की चालू दे. वरच्या समोरच्या दातांच्या मागच्या बाजूला मी येते. सळई उतरते. आई पेन्सिल धरून वाट पाहते. मी म्हणते, "चार."

मोजणे संपल्यावर तुम्ही चूळ भरलीत, पंच्याने तोंड पुसलेत आणि वर्गात विचारावे तसे विचारलेत, "तू थांबलीस. तीन सांगताना थांबत नव्हतीस, दोनला नाही. चाराला थांबायचं कारण काय?" मी सांगितले की दात जरा वाकडा आहे, त्यामुळे खूण नीट दिसली नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. मग "बरं" म्हणालात आणि अंगणात गेलात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर, निष्कर्ष बरोबर असला तरी कारण दिलेले नसले, की तुम्ही समासात लाल शाईने 'हेतुः?' असे लिहून अर्धे गुण कापत असा. मला वाटले, या वेळी मी कारण दिले आहे आणि ते चालले आहे.

पुढे दोन-अडीच वर्षांत ते दात हलू लागले, त्यांच्यात फटी पडल्या, आणि मी पदवी घेऊन आले तोवर समोरच्या चारांपैकी तीन गेले होते. तुमची रविवारची मुलांची पाठांतराची शिकवणी होती. समोरचे दात गेल्यावर त, थ, द, ध, न उच्चारताना जीभ कुठे टेकवावी तिला कळेना. मुले हसायच्या आधी तुम्हीच म्हणालात, "तवर्ग सध्या रजेवर आहे, अर्ज माझ्याकडे आला आहे." मी कवळी करून दिली. तिच्यातून स शीळ घालत असे. तुम्ही ती उत्तम आहे असे सर्वांना सांगितलेत, आणि त्या वर्षी मुलांच्या परीक्षा जवळ आल्या म्हणून शिकवणी थांबवलीत. परीक्षा झाल्या, शिकवणी सुरू झाली नाही. ते दात वाचले असते असे मी म्हणत नाही, कारण ते सिद्ध करता येणार नाही. इतकेच म्हणते की वाचवण्याच्या प्रयत्नाला सात हा आकडा लागला असता आणि तो वहीत नव्हता.

पाथर्डीच्या बाईला मी निरोप धाडून बोलावले. ती आली, खुर्चीत बसायच्या आधी मिश्रीचे सांगितले, आता एकदाही नाही म्हणाली. मी तिला एक्स-रे दाखवला. म्हटले, "ही दाढ मी दरवर्षी चार सांगत आले. ती सात आहे. चूक माझ्या हाताची आहे. आता दाढ काढावी लागेल." मी हे वाक्य आदल्या दिवशी ठरवून ठेवले होते, त्यात एकही शब्द जास्तीचा नको होता. ती एक्स-रेकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली.

"हलतीय ते मला दोन सालापासनं ठावं हाय," ती म्हणाली.

मी विचारले, मग सांगितले का नाही.

"तुमी म्हनायच्या, बरं हाय. मंग म्या म्हनलं, आपल्या जिभंला काय कळतंय, डॉक्टरीणबाईला कळतंय."

 आप्तवाक्य, विश्वासू माणसाचा शब्द, हेही एक प्रमाण आहे असे तुम्ही शिकवलेत. त्या शब्दासाठी तिने स्वतःच्या जिभेचे प्रत्यक्ष बाजूला ठेवले, दोन हंगाम एका बाजूने चावली, आणि माझ्याकडून दरवर्षी 'बरं आहे' ऐकून एसटीने परत गेली. माझा चेहरा बहुधा पडला असावा, कारण तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "जीवाला लावून घिऊ नगा. माजी सासू बी अशीच हुती. लेकराचं त्वांड बघूनच ताप उतरला म्हनायची, कपाळाला हात लावायच्या आदी." मग तिने आ केला, पुन्हा मिटला आणि म्हणाली, "काडा आता. टोळी जायच्या आत भरून आलं पायजे." दाढ काढायला फारसा जोर लागला नाही.

ती सासूची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्या सासूने खोटे सांगितले असे कुणी म्हणणार नाही. तिला ताप उतरलेला हवा होता, आणि हात कपाळापर्यंत जाईतो तो उतरलेलाच असे. मला त्या बाईची दाढ बरी हवी होती. तिच्या कमी झालेल्या मिश्रीचे काही फळ दिसायला हवे होते. म्हणून माझे बोट तळाच्या थोडे आधी 'अडले'. यंत्र माझ्यापेक्षा शहाणे नाही. त्याला कुणी ओळखीचे नाही, इतकेच. या वयात मला अशा शहाणपणाचा हेवा वाटतो, आणि त्याबरोबर थकवाही येतो. कारण ओळख वजा केली तर मी हे काम बेचाळीस वर्षे कशासाठी केले असते, ते मला सांगता येत नाही.

फॉर्मवर मी सही केली नाही. प्राध्यापक बाईला कळवले की माझे जुने रुग्ण वगळू नयेत. प्रमाण म्हणून दुसरा, अनोळखी हात घ्यावा, आणि माझे आकडे यंत्राच्या आकड्यांशेजारी, तपासण्याच्या गोष्टींत मांडावेत. तिने फोनवर दोनदा विचारले की नक्की का. बाकी जुन्या रुग्णांना मी एकेक करून बोलावते आहे. ते येतात, मी म्हणते पुन्हा मोजायचे आहे, आणि प्रोब दुसऱ्या डॉक्टरच्या हातात देते. मी आकडे लिहून घेते. आईचे काम.

आईच्या मागे तिच्या ट्रंकेत ती वही मला मिळाली होती. मागच्या पानांवर तिच्या पेन्सिलीतले आकडे आहेत, सगळे शाबूत. आणि त्या चाराच्या शेजारी, लाल शाईने, तुमच्या अक्षरात: 'हेतुः?' कधी लिहिलेत ते मला माहीत नाही. त्याच दिवशी, की दात गेल्यावर. तुम्ही मला ते कधी दाखवले नाहीत. बहुधा मी होऊन सांगेन असे तुम्हाला वाटले असावे. तुम्ही विद्यार्थ्याला वेळ देत असा. आज वही काढून चार खोडावा आणि सात लिहावा असे क्षणभर मनात आले. पण लिहिलेली नोंद बदलायची नसते. नवे मोजमाप घेऊन ते शेजारी मांडायचे असते, आणि नवे मोजमाप घ्यायला ते तोंड आता नाही. म्हणून आकडा तसाच ठेवला आहे. हा कागद त्याच पानात घडी करून ठेवते. हेतू तेवढा लिहिते.

दात वाकडा नव्हता, नाना. ऊन चांगले होते, आणि सातची खूण मला स्पष्ट दिसली होती.